वरची कडी

टाक्याच्या काठाशी बसवलेली सगळ्यात वरची कडीही वाळूचं पोतं पेलून राहिली, तेव्हा खाली उभ्या असलेल्या उद्धवराव सरपंचांनी फेटा काढून घाम पुसला.

"झालं. समद्या पास," ते म्हणाले.

रिकामे हंडे घेऊन सावलीत बसलेल्या बाया उठल्या. चाकणच्या पलीकडची ही वाडी उन्हाळ्यात डोंगरात खोदलेल्या पाण्याच्या टाक्यावर जगायची. तिथवर जायची वाट म्हणजे उभ्या कातळात खोदलेल्या खोबण्या आणि शेजारी हाताला धरायच्या लोखंडी कड्या. जुन्या कड्या गंजून गेल्या होत्या. नव्या चिमाजी लोहाराने घडवल्या. त्याची बायको गवराबाई हिने घण मारला, कड्या पक्क्या बसाव्यात म्हणून कातळातल्या भोकांत शिसं ओतलं.

लोखंड निवडताना चिमाजीने घाई केली नव्हती. पिंपरीला नवा कारखाना उभा राहत होता, तिथल्या बांधकामावरची गुळगुळीत सळई आधी आली. त्याने ती थंडच वाकवली, तर वाकल्या जागी केसासारखी चीर पडली. मग त्याने मोडक्या बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव घेतली. दुमडली, उलटी दुमडली, घणाखाली घातली, तरी ती चिरली नाही. त्या लोखंडावर गवराबाईचा भरवसा होता. तिला भीती होती ती शिशाची.

वर चिमाजीने काठावरच्या उंबराला बांधलेला कामाचा दोर सोडला आणि पोत्यासकट खाली टाकला. आता तो कड्या धरूनच उतरणार होता. माणूस उतरलेला पाहिल्याशिवाय बाया चढल्या नसत्या. त्याने दरीकडे पाठ केली आणि एक पाय खाली सोडून खोबण चाचपू लागला.

गवराबाईच्या मनगटावर भाजल्याचे फोड होते. वरच्या भोकात शिसं ओतताना ते तडतडून उडालं होतं. भोकात ओल असल्याशिवाय शिसं असं उडत नाही, आणि ओल्या भोकात ते धरत नाही. पण कडी घट्ट बसली, पोतंही पेललं, म्हणून तिने मनाची समजूत घातली होती. आता नवऱ्याचा तो अधांतरी पाय पाहून ती कातळाशी धावली.

"आवं, थांबा," ती म्हणाली. आवाज वर पोचला नाही म्हणून पुन्हा मोठ्याने म्हणाली, "थांबा. वरच्या कडीवर भार देऊ नका. शिसं वतताना तडतडलं हुतं."

चिमाजी जागीच थबकला. मग कोपरांवर जोर देत त्याने स्वतःला वर ओढलं, काठावर पालथा पडला आणि कमरेचा हातोडा काढून कडीवर घातला. ठण्ण आवाज आला.

"खणखणीत हाय की," उद्धवराव म्हणाले.

"आडवा घाला," गवराबाई म्हणाली.

त्याने आडवा घाव घातला. या वेळी आवाज बसका आला. कडी भोकात कलंडली आणि तिच्या मुळातून पाण्याची बारीक धार कातळावरून खाली आली.

बायांनी हंडे खाली ठेवले. एक कडी कलंडली, तशा आता सगळ्याच कड्या एकसारख्या दिसू लागल्या.

दोर खाली होता आणि चिमाजी वर; वरच्या कडीवाचून त्याला उतरता येणार नव्हतं. खाली जमलेल्या पुरुषांपैकी बिरूने दोर वर फेकून पाहिला, तो निम्म्यावरूनच परत आला. कोणीतरी खालच्या कड्या धरून दोर वर न्यायला हवा होता. उद्धवरावांनी पुरुषांकडे पाहिलं. पुरुष कड्यांकडे पाहत राहिले.

गवराबाईने कासोटा आवळला, दोर खांद्यावरून आडवा घेतला आणि पहिल्या खोबणीत पाय घातला.

या सगळ्या कड्या तिने आपल्या हाताने बसवल्या होत्या. तरी प्रत्येक कडी धरताना ती स्वतःला विचारत होती, ही तडतडली होती का? पहिलीचं तिला नीट आठवत होतं. तिच्या वरच्या दोन कड्यांचंही. मधल्या कडीपाशी मात्र तिला काहीच आठवेना. तिने तापल्या कातळाला गाल लावला.

"थांबली," खालून कोणीतरी म्हणालं.

वरून चिमाजीचं तोंड दिसत होतं.

"गवरे," तो हळूच म्हणाला, "मधल्या भोकात तू पेटता बोळा घातला हुतास. पार कोरडं केलं हुतंस ते."

त्याला खरंच आठवत होतं, की तो तिला धीर देत होता, हे तिला कळलं नाही. तिने कडी धरली आणि सगळा भार तिच्यावर टाकला.

कडी हलली नाही.

वरच्या कडीच्या खालच्या कडीशी ती पोचली. दोराचं टोक वर केलं, चिमाजीने हात खाली सोडला, तरी वीतभर अंतर उरलं. आता धरलेली कडी सोडून तिच्यावरच पाय देऊन उभं राहायचं होतं. हाताला नुसता सपाट कातळ. ती उभी राहिली. दोर ओढला गेल्याचं तिला कळलं, पण मान वर करून पाहायचं धाडस झालं नाही.

चिमाजीने दोर उंबराला बांधला आणि दुसरं टोक तिच्या हाताशी सोडलं. कलंडलेली कडी त्याने हातानेच उपसून काढली. मग दोर धरून आधी तिला उतरू दिलं आणि मागून तो आला.

"ह्या कडीला दुसरीकडं कोरडी जागा बघू," उद्धवराव म्हणाले. "बाकीच्या पक्क्या हाईत. समद्यांनी डोळ्यांनी बघितलं."

गवराबाई दगडाला टेकून बसली होती. तिची उजवी मूठ उघडत नव्हती. नवी कडी बसली की बायांमधून पाण्याला पहिल्यांदा सारजाबाई जाणार होती. ती शेजारी येऊन बसली, ती मूठ तिने आपल्या मांडीवर घेतली आणि एकेक बोट सोडवू लागली.

"चढताना हंडा पाठीला बांधायचा," गवराबाई तिला म्हणाली. "दोन्ही हात मोकळे पायजेत."

सारजाबाईने मान हलवली. तिसरं बोट अजून सुटत नव्हतं.