डब्यातली जुनी बेअरिंगं

जुनं बेअरिंग टाकायचं नाही, असा आमच्या ह्यांचा नेम होता. रॉकेलमध्ये धुवायचं, ग्रीस भरायचं, कागदात गुंडाळून डब्यात ठेवायचं. ते गेले, तरी मी नेम मोडला नाही. म्हणून लेकीने ती डोंगरातल्या कड्यावरच्या रस्त्यावर चालवते त्या जीपच्या मागच्या चाकांची बेअरिंगं बदलली, तेव्हा जुनी जोडी मीच जपून ठेवली.

तेव्हापासून ती जीप घेऊन निघाली की डबा घुमू लागतो आणि ती परतली की थांबतो.

"आई, तुझ्या कानांनाच ग्रीस लावायला हवं," ती हसायची. पण डबा घुमतोय तोवर माझी लेक त्या कड्यावरच्या रस्त्यावर सुखरूप आहे, एवढं मला कळायचं.

आज दुपारी ती लवकर आली. जीप अंगणात लावून तिने किल्ली खिळ्याला अडकवली, हात धुतले. डबा थांबला नाही.

"आता तुलाही ऐकू येतंय ना गं?"

ती पाठमोरी उभी राहून हात पुसत राहिली. मी झाकण काढलं. कागदाच्या चिंध्या झाल्या होत्या, ग्रीस वितळलं होतं आणि दोन्ही बेअरिंगं गरगर फिरत होती.

मग त्यांचा वेग हळूहळू मंदावला. घरी परतताना घराजवळच्या वळणावर माझी लेक जीप अगदी अशीच हळू करते.