कांताच्या हातची भिंत

घमेलं नॉर्माच्या हातात देता देता यशोदाची मान पुन्हा मागे वळली आणि ओंजळभर वाळू नॉर्माच्या पायावर सांडली.

"काय गो बाय, लक्ष कुठं तुझं?" नॉर्मा म्हणाली. शाळेत शिकवणारी ही गिरगावची बाई दर रविवारी फ्रॉकवर भावाचा जुना शर्ट चढवून वडाळ्याला घमेली उचलायला यायची.

"माझ्या घरात ती काय करतेय, ते बघते."

ती म्हणजे कांता. घोडपदेवच्या चाळीत दोघींच्या खोल्यांमध्ये एक भिंत होती आणि नळावरचं एक जुनं भांडण. तेव्हापासून अबोला. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात दोघी एका रांगेत चालल्या, एका दमात 'झालाच पाहिजे' ओरडल्या, पण तोंडं दोन दिशांना.

आता चाळीतल्या काही बिऱ्हाडांनी मिळून मिठागरांच्या कडेला जागा घेतली होती. भाड्याची नव्हेत, मालकीची घरं. मजूर लावायची ऐपत नव्हती, म्हणून घरं आपणच उभी करायची. मदतीला नॉर्मासारखी हौशी माणसं, आणि ओळंबा धरायला एक गवंडी. सोसायटीच्या अण्णांनी नियम एकच घातला होता : आपल्या घराला आपण हात लावायचा नाही. "नाहीतर जो तो सगळं सिमेंट आपल्याच भिंतीला फासेल," ते म्हणाले होते. कुणी कुणाचं घर बांधायचं, ते चिठ्ठ्या टाकून ठरलं. यशोदाचं घर कांताच्या वाट्याला गेलं. नव्या ओळीतही दोघींची घरं शेजारीशेजारीच होती.

"तिने भिंतीत नुसती वाळू भरली तर?" यशोदाने नवऱ्याला विचारलं होतं.

"तर पडेल. पण पडेल ती तिच्याच अंगणात."

नवऱ्याला थट्टा सुचत होती. यशोदाच्या जिवाला घोर. जन्मात एकदाच आपलं म्हणायचं घर होणार, आणि ते वैरिणीच्या हातचं.

दुपारी सगळे जेवायला बसले तशी ती हळूच आत शिरली. एक डोळा मिटून भिंतीची कड पाहिली. सरळ होती. खिडकी पाहिली, उंबऱ्याची जागा पाहिली. नावं ठेवायला काही सापडेना, त्याचाच राग येऊ लागला होता. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि थबकली.

साऱ्या ओळीत मीठ-तिखटाचा कोनाडा चुलीच्या उजवीकडे. दुसऱ्यांच्या दोन घरांत तर तिने स्वतःच्या देखत तो तसा करून घेतला होता. तिच्या घरात तो डावीकडे होता.

"अण्णा!"

अण्णा आले. पाठोपाठ कांताही आली. भिंतीला टेकून उभी राहिली.

"अण्णा, विचारा तिला. सगळ्यांचा कोनाडा उजवीकडे, मग माझाच उलटा का?"

"अण्णा, तिला म्हणावं, आधी चुलीपुढे बसून बघ."

"बसून काय बघायचंय? उलटं ते उलटंच. मुद्दाम केलंय, म्हणावं."

"मुद्दामच केलंय, सांगा तिला."

दोघींचे निरोप एका हाताच्या अंतरावर पोचवता पोचवता अण्णा टेकीला आले. "यशोदाबाई, बसा हो एकदा. नाही पटलं तर आत्ता फोडू. गिलावा ओलाच आहे."

यशोदा फणकाऱ्याने बसली. चूल कोरी होती, वर भांडं नव्हतं. पण चुलीपुढे बसल्यावर हात का गप्प राहतात? आमटीला उकळी आली आहे असं धरून तिने मिठासाठी हात लांबवला.

लांबवला तो डावा. आणि तो नीट कोनाड्यात गेला.

चाळीतल्या खोलीत मिठाची बरणी उजव्या फळीवर असायची. फळी हलवायला घरमालकाची परवानगी नव्हती. डावखुऱ्या यशोदाचा हात रोज जाळावरून पलीकडे जायचा. कोपराजवळ भाजल्याचे काळे डाग पडले होते. ती ते पदराखाली झाकायची. सासूलासुद्धा तिने कधी सांगितलं नव्हतं.

"डावखुऱ्या आहेत यशोदाबाई?" अण्णा म्हणाले. "तुम्हाला कुणी सांगितलं, कांताबाई?"

"सांगायला कशाला हवं? नळावर माझ्या अंगावर कळशी उगारली, ती डाव्या हातानेच. चांगली ध्यानात आहे माझ्या."

दारातून डोकावणारी नॉर्मा फिस्सकन हसली. यशोदा हसली नाही. कोनाड्याची कड तिने बोटांनी एकदा चाचपली. मग उठली, पदर नीट केला आणि अण्णांकडे बघत म्हणाली,

"अण्णा, तिच्या घरात चूल खाली घालू नका. उभ्याचा ओटा करा. तिला गुडघे मोडून बसवत नाही. पाणी घेऊन जिना चढते, तेव्हा पायरीपायरीला 'आई गं' म्हणते. नंतर खोलीत तेल चोळत कण्हत बसते. भिंतीतून सगळं ऐकू येतं मला."

कांताचा चेहरा लाल झाला.

"कोण म्हणतं माझे गुडघे दुखतात? भिंतीला कान लावून बसतेस काय गो तू?"

"लावायला कशाला हवेत? तू कण्हतेस का हळू? अख्खी चाळ उठते!"

"आणि तू? तू झोपेत बडबडतेस ती!"

अण्णा दोघींच्या मधोमध उभे होते. त्यांनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे पाहिलं, आणि दोन पावलं मागे सरून वाट मोकळी केली.