विश्वस्त रंगुबाई

रंगुबाईनं रुमालाची गाठ सोडली, चोवीस रुपये टेबलावर ठेवले आणि ती दोन पावलं मागं सरून उभी राहिली.

टेबलापलीकडं चार विश्वस्त बसले होते. सांगलीच्या हळदबाजारामागं निराधार बायकांसाठी बांधलेल्या त्या आश्रयगृहाचा कारभार हेच चौघं बघत. अध्यक्ष विष्णुपंत निवृत्त हेडमास्तर होते. त्यांनी नोटांकडं पाहिलं आणि हे पैसे कसले म्हणून विचारलं.

"भाडं," रंगुबाई म्हणाली. "बारा जणी हाय आमी. दोन-दोन रुपय. आता दर म्हैन्याला देऊ."

शेजारी बसलेले हळदीचे व्यापारी नानासो हसले. इथं कुणी भाडं मागितलेलं नाही, पैसे परत घ्या, औषधपाण्याला होतील, असं त्यांनी समजावलं. रंगुबाई जागची हलली नाही. ती कवठे महांकाळकडची. इथल्या इतर बायकांसारखीच अडतीत हळद निवडायला जायची; नखं कायमची पिवळी झाली होती.

मग तिनं सांगितलं. इमारतीच्या पुढच्या अंगाला संस्थेचे चार गाळे भाड्यानं दिलेले आहेत. त्यातला एक आषाढात गळायला लागला, तर तिसऱ्या दिवशी गवंडी आला. मागच्या खोल्या दोन वर्षं गळतायत. हे सांगताना ती चिडली नव्हती. गाळेवाला भाडं देतो, एवढंच तिच्या ध्यानात आलं होतं. आणि आज स्वयंपाकीण अंबूबाईला कामावरून कमी करायचं घाटतंय, हे त्यांना बाहेरून कळलं. जेवणाऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं.

"भाडं दिलं म्हंजे इचारतील," ती म्हणाली. "म्हणून आणलंय."

दाराशी उरलेल्या अकरा जणी दाटीनं उभ्या होत्या.

विष्णुपंत उठले. त्यांनी कपाटातून संस्थेचं दानपत्र काढलं, चष्मा लावला आणि त्यातलं एक कलम दोनदा वाचलं. इथं राहणाऱ्या बाईकडून कधीही एक पैसा घेऊ नये, असं दात्यानं स्वच्छ लिहून ठेवलं होतं. त्यांनी नोटा रंगुबाईकडं सरकवल्या. दाराशी कुणीतरी मोठा श्वास सोडला.

पण पंतांनी कागद मिटला नाही. ते खाली वाचत गेले. मग त्यांनी मान वर केली आणि बाकीच्यांना आठवण करून दिली की पाचव्या विश्वस्ताची जागा गेल्या दिवाळीपासून रिकामी आहे. तिथं कोण असावं, तर 'या घराची खडान्‌खडा माहिती असलेली व्यक्ती', एवढंच लिहिलंय.

पंतांचा रोख रंगुबाईकडं आहे हे नानासोंच्या लक्षात आलं तेव्हा ते खुर्चीत सरसावून बसले. संस्थेचं अन्न खाणारा माणूस संस्थेचा विश्वस्त कसा होईल, असं त्यांनी विचारलं. तसं कुठं लिहिलंय ते दाखवा, म्हणून पंतांनी दानपत्र त्यांच्यापुढं ठेवलं. नानासोंनी सगळी पानं वाचली. बराच वेळ लागला. तसं कुठंच लिहिलेलं नव्हतं.

"घाला नाव," शेवटी तेच म्हणाले. "माझं अनुमोदन लिहा."

धर्मादाय कार्यालयाला बदल कळवायचा, अशी नोंद पंतांनी केली. आतून खुर्ची आली. रंगुबाई बसली. तिचे पाय जमिनीला पुरते टेकत नव्हते.

पुढचा विषय अंबूबाईचा. दाराशी बायकांचे चेहरे उजळले. आता काळजी नव्हती. नानासोंनी वाचलं, की अंबूबाईंची अठरा वर्षं नोकरी झाली, दृष्टी अधू झाली आहे, सबब त्यांना सेवामुक्त करावं. मग त्यांनी रंगुबाईचं मत विचारलं.

रंगुबाईनं स्वयंपाकघराकडं पाहिलं. रोज दुपारी ती आणि अंबूबाई एकाच चंचीतलं पान खात.

"काढा तिला," ती म्हणाली.

दाराशी कुजबुज उठली. रंगुबाईनं तिकडं पाहिलं नाही.

"तिला दिसंना झालंय. परवा उकळतं पाणी पायावर घेतलं. तिनं लपवलं, अन् तिचं पोट जाईल म्हणून आमी बी लपवलं. एक दिस चुलीत पडंल ती. पर तेरावी खोली रिकामी हाय. तिला तरी कोण हाय? कामावरनं काढा अन् खोलीत घ्या. नवी बाई मिळंस्तवर आमी पाळीपाळीनं रांधू."

पहिला हात नानासोंचा वर गेला.

आता हे अंबूबाईला सांगायचं कुणी, यावर चारही पुरुष एकमेकांकडं बघायला लागले. रंगुबाई खुर्चीवरून उतरली आणि स्वयंपाकघरात गेली. आत काय बोलणं झालं ते कुणाला ऐकू आलं नाही. बऱ्याच वेळानं अंबूबाई पदरानं डोळे पुसत बाहेर आली. एका बाईनं तिचा हात धरून तिला तेराव्या खोलीचं दार दाखवलं. तिनं चौकट चाचपली, आत जाऊन खिडकी उघडली आणि तिथंच उभी राहिली.

दुपारी पंगत बसली. विश्वस्तही त्या दिवशी जेवायला थांबले. आजचा स्वयंपाक बायकांनीच केला होता; रंगुबाई वाढत होती. अठरा वर्षांत पहिल्यांदाच अंबूबाई इतरांबरोबर पाटावर बसली होती. दोन्ही हातांचं काय करावं ते तिला कळत नव्हतं. तिनं भाकरी मोडली, आमटीत बुडवली आणि सावकाश चावली. सगळ्या तिच्याकडं बघत होत्या.

"मीठ कमी हाय गं," अंबूबाई मोठ्यानं म्हणाली, आणि तिनं वाटी पुढं केली.