पाटलिणीची ओटी

कॅमेऱ्यातलं कार्ड लॅपटॉपला लावून रेवतीनं वाघिणीच्या अंगावरचे पट्टे जुन्या फोटोशी पुन्हापुन्हा ताडून पाहिले. तीच होती! शिकाऱ्यांच्या तारेचा फास गळ्यात रुतलेली, रेवतीच्या संशोधन पथकानं बेशुद्ध करून सोडवलेली. आता तिच्यामागे बछडे चालत होते.

त्या फासाची खबर पहिल्यांदा आणली होती मोहफुलं वेचणाऱ्या सगुणाबाईनं. म्हणून रेवती लॅपटॉप घेऊन आधी तिच्याच दारात गेली.

“आमची पाटलीण बाळंत झाली!” सगुणाबाई हरखली. रानात वाघिणीचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून ‘पाटलीण’ म्हणायचं. ती लगबगीनं आत गेली आणि तांदूळ-नारळ घेऊन आली. “मॅडम, पदर पसरा. तुम्ही तिले जीवदान दिलं, तुम्हीच तिची माय. ओटी भरू द्या.”

रेवती मागे सरली. नवरा गेल्यापासून तिची ओटी कुणी भरली नव्हती. “मावशी, विधवेची ओटी भरत नाहीत.”

“पाटलिणीच्या तरी संसारात कुठं राहते नवरा? एकटीच वाढवते ना लेकरं!”

अंगावर साडी नव्हती. रेवतीनं दोन्ही हातांनी खाकी शर्टाचाच पदर केला.