टबातली जागा

पेल्यावर चमचा वाजला. टिक, टिक, टिक, टिक.

मागच्या दाराच्या पायरीवर ती दचकली. लेकीला लहानपणी अंघोळ घालायचा निळा टब, त्यात कोमट मिठाचं पाणी, पाण्यात तिचे पाय. चार वेळा?

एक म्हणजे पाणी. दोन म्हणजे कूस बदल. तीन म्हणजे भांडं दे. अर्धांगाच्या झटक्यात सासूबाईंचं उजवं अंग गेलं, वाचा गेली, तेव्हापासून सगळं घर या तीन हुकमांवर चाललं होतं. चार कधी वाजलेच नव्हते.

ती लगेच उठली नाही. पंधरा मिनिटांतली जेमतेम सहा झाली होती. सासूबाईंना तपासायला येणाऱ्या नर्सबाईंनी महिन्यापूर्वी तिच्या टाचा पाहिल्या होत्या. "आजीबाई ठणठणीत आहेत हो. तुमचंच काही खरं नाही. रोज पंधरा मिनिटं स्वतःला द्या, औषध समजा." ती तेव्हा हसली होती. मग चादरीवर भेगांतल्या रक्ताचे ठिपके दिसायला लागले. त्या दिवसापासून तीन वाजता, आजी-नात झोपल्या की, काजं-बटणं करायला घरी आणलेले शर्ट बाजूला सारून ती चोरासारखी इथे येऊन बसायची. दिवसभरात तिचं असं एवढंच होतं.

वाजू दे, ती मनाशी म्हणाली. एकदा तरी वाजू दे.

पुन्हा चमचा वाजला. चारच वेळा, पण जोरात. ती ओल्या पायांनीच आत धावली.

सासूबाई टक्क जाग्या होत्या. "पाणी हवंय, आई?" त्यांनी डोळे मिटले. डोळे मिटणं म्हणजे नाही. "कूस वळवू? भांडं?" नाही. नाही. मग त्यांची नजर खाली गेली आणि सुनेच्या ओल्या पायांवर थांबली.

ती कानकोंडी झाली. याच बाईच्या तोंडाचा पट्टा एके काळी गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचा. बसलेली बाई नि गंजलेली सुई, दोन्ही घराला जड, हे तिनं नव्या नवरीपणापासून ऐकलेलं.

"पाचच मिनिटं टेकले होते, आई," ती म्हणाली. टॉवेल ओढून तिनं घाईघाईनं पाय पुसले, मग फरशीवरचे ओले ठसे पुसायला वाकली. "शर्ट होतील वेळेवर. पाचच्या आत होतील. उगाच त्रागा करू नका."

सासूबाईंनी चमचा असा आपटला की पेला लवंडला.

"आई, तुला काही म्हणजे काही कळत नाही," शेजारच्या गादीवरून आवाज आला. खारू उठून बसली होती. सहा वर्षांची पोर, डोळ्यांत झोपेचा मागमूस नाही. "तिला तुझं पाणी हवंय. पायांचं."

"त्यांना काय ठाऊक माझं पाणी?"

"रोज तर बघते. या दारातून सगळं दिसतं. ती झोपायचं सोंग करते, मग मी पण करते. मी हलले की ती मला अशी करते." खारूनं ओठांवर बोट ठेवलं आणि डोळे वटारले. थेट आजीच.

"रोज?"

"रोज! मला शू आली तरी!"

ती टॉवेल खांद्यावर टाकून उठली. मग स्वयंपाकघरात गेली, नवं पाणी तापवलं, टब आत आणला. पाण्यात कोपर बुडवून पाहिलं, खारू तान्ही असताना पाहायची तसं. सासूबाईंना उठवून पलंगाच्या कडेला बसवलं, पाठीशी उशा लावल्या, आणि त्यांचे पाय एकेक करून पाण्यात सोडले.

वर्षभर हे पाय ती रोज पुसत होती. उरकायचे म्हणून पुसत होती. आज पहिल्यांदा तिनं त्यांच्या टाचा पाहिल्या. तिच्यासारख्याच भेगा, फक्त जुन्या, काळ्या पडून मुरलेल्या. तिनं अंगठा फिरवला. उजव्या पायाला काहीच कळलं नाही. डावा शहारला. सासूबाईंच्या घशातून एक आवाज आला, कण्हण्यासारखा, पण कण्हणं नव्हे.

"बरं वाटतंय का?" डोळे उघडेच राहिले, पण नजर सुनेवरून हलेना. मग डाव्या हातानं त्यांनी शेजारची चादर थोपटली.

"मी नाही हो. शर्ट पडलेत बाहेर, न्यायला माणूस येईल."

हात पुन्हा थोपटत राहिला. ती अवघडून, अर्धवट टेकली. सासूबाईंचा डावा पाय पाण्यात हळूहळू सरकला, आपल्या निर्जीव पायाला ढकलत कडेला नेऊन थांबला. टबात जागा झाली.

तिनं पाय सोडले. सासूबाईंच्या तोंडाची जी बाजू हलायची, ती थोडी वर गेली होती.

खारू टबापाशी उकिडवी बसून पाण्यात बोट फिरवत होती. एकदा आजीकडे, एकदा आईकडे बघत तिनं विचारलं, "आई, आजीला चालता येत होतं, बोलता येत होतं, तेव्हा तुम्ही दोघी अशा का नाही बसलात?"