टायचं खापर

शेवटच्या चेंडूवर एक धाव हवी होती. आपला फलंदाज धावचीत झाला आणि सामना टाय झाला. शेजारच्या अच्युतने हातातली उशी जमिनीवर आपटली.

“ऐन वेळी तू जागेवरून उठलीस म्हणून!” तो बायकोवर ओरडला.

“मग कुकर काय तुमचा कॅप्टन येऊन बंद करणार होता?”

चीड मलाही तेवढीच आली होती. पण माझी बायको जाऊन वर्ष होत आलं. घरी जाऊन मी कोणाला बोलणार? मला अच्युतचा हेवा वाटला.

“वहिनी, चूक तुमचीच,” मी मुद्दाम म्हणालो. त्यांनी मलाही झापावं, एवढंच हवं होतं.

त्या हसल्या. “भाऊजी, आता जेवूनच जा,” म्हणाल्या आणि पुन्हा अच्युतवर तुटून पडल्या.