शिशाला लावलेला साबण

बाबांचा पाण्याखालचा खडक बाबांना आणि मलाच माहीत होता. दोरीला बांधलेल्या शिशाच्या गोळ्याला बुडाशी साबण फासायचा, शिसं तळाला टेकवून वर ओढायचं. साबणाला वाळू चिकटली तर पुढं जायचं, प्रवाळाचा चुरा चिकटला तर गळ टाकायचे. समुद्रतळाचा नकाशा करणाऱ्या ताईला मीच तिथं नेलं. शाळा सोडल्यापासून मला हुशार म्हणणारी ती पहिलीच. "जागा छापणार नाही, आईशप्पथ!" म्हणाली होती. आज धक्क्यावरच्या ऑफिसात नकाशा लागला, मधोमध आमचा खडक. मोठ्या ट्रॉलरवाल्यांनी फटाफट फोटो काढले. "कुठल्या घरभेद्यानं दाखवला?" बाबा गरजले. मी ताईकडे खाऊ की गिळू अशा नजरेनं बघत होते. "रागावता काय, काका?" ती हसली. "खाली हिचंच नाव छापलंय, आभारात!" बाबांनी ते नाव दोनदा वाचलं. मग खिशातलं शिसं माझ्या हातात ठेवलं. "घे. आता साबण आंघोळीलाच."